सांदवाडीतल्या गोगलगायी: रात्री वेचा, दिवसा त्यांच्या लपायच्या जागा मोडा

मृगाचा पाऊस होतो, दोडक्या-कारल्याला दोन-चार पानं फुटतात आणि एका सकाळी वेलाचा नुसता देठ उरलेला दिसतो. अशा वेळी बरेच जण अळीचं औषध आणायला कृषी केंद्राचा रस्ता धरतात. थांबा. आधी वाफ्याजवळ बसून नीट बघा. अळीनं खाल्लं असेल तर पानावर किंवा खालच्या मातीत बारीक काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. गोगलगायीनं खाल्लं असेल तर वाळलेल्या चिकट स्रावाची चकाकती रेघ दिसते. मातीवर, पानावर, विटांवर, कधी थेट भिंतीपर्यंत गेलेली. पावसाची सर आली की रेघ धुऊन जाते, म्हणून उजाडल्याबरोबर बघायचं. ती रेघ कुठं जाऊन संपते तेही बघून ठेवा. पुढचं सगळं काम त्या टोकाला आहे.

गोगलगाय हा किडा नाही. किड्यांसाठी बनवलेल्या बहुतेक फवारण्या तिच्यावर चालत नाहीत. पैसे जातात, भाजीवर विष बसतं आणि गोगलगाय रात्री पुन्हा येते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरामागं सांदवाडी, म्हणजे परसबाग, तिला लागून थोडी संत्र्याची झाडं, पलीकडे कोठा (गोठा) आणि उकंडा (उकिरडा). वांगी, बरबटी (चवळी), पालक, सांबार (कोथिंबीर), कोहळं, दोडकी असं लावते आणि घरचं भागून उरलं ते आठवडी बाजारात नेते. खाली लिहिलं आहे ते मी दरवर्षी याच वाडीत करते. पाळलं तर भाजी वाचते.

रात्री आपल्याला दिसतं ते नुकसान. गोगलगायीचा बंदोबस्त दिवसाच करावा लागतो, ती जिथं झोपलेली असते तिथं.

कोण आहे ही

वाडीत दोन प्रकार सापडतात. एक शंखवाली, तपकिरी शंखावर गडद पट्टे असलेली. तिला शंखी गोगलगाय म्हणतात. पूर्ण वाढली की तळहात भरतो. दुसरी बिनशंखाची, काळपट, चपटी, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली, तिला शेंबडी म्हणतात. शेंबडी कुंडीच्या बुडाखाली, विटेच्या भेगेत, पाण्याच्या टाक्याजवळ बसते. ती एका रात्रीत फार खात नाही, पण कोवळं रोप नेमकं जमिनीलगत कुरतडते, त्यामुळे सगळं रोप जातं. दोघींना घालवायची रीत जवळजवळ एकच. मात्र शेंबडी लहान फटीत शिरते, म्हणून तिच्यासाठी कुंड्या उचलून बघाव्या लागतात.

शंखी गोगलगाय आपल्या मातीतली नाही. तिचं मूळ पूर्व आफ्रिकेत. शंख-शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम बेन्सन या इंग्रजानं १८४७ मध्ये ती मॉरिशसवरून कलकत्त्याला आणून चौरंगी भागातल्या बागेत सोडली. तिथून ती देशभर गेली. स्वतः चालून नव्हे. माती, रोपं, लाकूड आणि गाड्यांबरोबर गेली. आजही गावात ती तशीच येते. रोपवाटिकेतल्या पिशवीच्या बुडाला, तलावाच्या गाळात, शेणखताच्या ट्रॉलीत. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी खाऊन टाकली आणि कितीतरी शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. विदर्भात सोयाबीन आहे, काळी ओल धरणारी जमीन आहे, नाले आहेत. तेव्हा परसबागेतली गोगलगाय हा बायकांचा किरकोळ त्रास आहे असं समजून सोडून देऊ नका. वाडीतून धुऱ्यावर (बांधावर) आणि धुऱ्यावरून वावरात, एवढाच तिचा रस्ता आहे.

तिच्याबद्दल चार गोष्टी कळल्या की बाकीचं काम आपोआप सुचतं. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एकदा जोडी जमली की त्यावर ती पुढं बरेच दिवस पुन्हापुन्हा अंडी घालते. एका वेळी शे-दोनशे अंडी, भुसभुशीत ओल्या मातीत दोन-तीन बोटं खोल किंवा पालापाचोळ्याखाली. अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, एका जागी पुंजक्यानं असतात. ओल आणि ऊब असली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पिलं निघतात. म्हणजे आर्द्रात हाती लागलेली एक मोठी गोगलगाय ही पुष्य नक्षत्रातल्या शंभर पिलांची सुट्टी असते. म्हणून सुरुवातीच्या पंधरा दिवसांत जे वेचाल त्याला सगळ्यात जास्त मोल आहे. श्रावणात कितीही वेचलं तरी पिलं मागं उरतातच.

तिला कोरडं सहन होत नाही. ऊन पडलं की ती लपते, आणि उन्हाळ्यात शंखाच्या तोंडावर पांढरं पातळ झाकण धरून जमिनीत, दगडांत, भिंतीच्या सांदीत महिनोन्महिने पडून राहते. मेलेली वाटते, पण झाकणाआड जिवंत असते.

आणि शंख वाढवायला तिला चुना लागतो. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर ती तिथं चाटायला येते हे समजा. त्याच भिंतीच्या पायथ्याशी शोधा.

उन्हाळ्यातलं काम, जे कोणी करत नाही

आपल्या विदर्भाचा मे महिना माणसाला नकोसा होतो, पण गोगलगायीच्या कामाला त्याच्याइतका चांगला महिना नाही. पारा ४५ च्या आसपास असतो, जमीन फाटलेली असते, आणि एकूण एक गोगलगाय थंड, सावलीच्या चार-सहा जागी गोळा झालेली असते. पावसाळ्यात ती सगळ्या वाडीभर पांगते. मेमध्ये ती एका घमेल्यात सापडते.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत या जागा उघडा: उकंड्याची सावलीकडची बाजू, कोठ्यामागचा विटा-दगडांचा ढीग, पऱ्हाट्या-तुराट्यांचा रचलेला ढीग, कुटाराच्या (भुशाच्या) बुडाची ओलसर जागा, नळाजवळ किंवा मोरीच्या पाण्याची वाट, केळीचं बेट, जुने कवेलू (कौलं) एकावर एक रचलेले असतात ती जागा. सकाळी लवकर सुरू करा, ऊन डोक्यावर यायच्या आत थांबा. सब्बलीनं दगड उलटवा, हात घालू नका. अशा ढिगात विंचू असतो आणि साप असतो. पायात बूट घाला, लहान लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

सापडलेल्या गोगलगायी बादलीत टाका. ढीग एक दिवस तसाच उघडा पसरून ठेवा. मेचं दुपारचं ऊन त्यात उरलेली अंडी वाळवून टाकतं. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. शेणखत वावरात न्यायच्या आधी उकंडा असा एकदा उलथा घाला, नाहीतर आपणच आपल्या बैलगाडीनं गोगलगायी सोयाबीनमध्ये पोचवतो.

मात्र सगळ्याच जागा साफ करू नका. हे ऐकायला उलटं वाटेल. वाडी एकदम लख्ख केली तर पाऊस पडल्यावर उरलेल्या गोगलगायी कुठं लपल्या ते कळत नाही; त्या वेलाच्या बुडातच घर करतात. म्हणून वाफ्यांपासून चार-पाच पावलं दूर, सावलीत, दोन-तीन जागा आपण मुद्दाम ठेवायच्या. एखादी रुंद फळी दोन विटांच्या तुकड्यांवर टेकवलेली, एखादं पालथं खापर, केळीच्या खुंटाचा उभा चिरलेला तुकडा पालथा टाकलेला. बाकी सगळीकडे ऊन आणि इथंच गारवा, मग त्या इथंच येणार. रोज सकाळी फळी उलटवायची आणि वेचायचं.

पाऊस लागल्यावर

पहिला चांगला पाऊस झाला की त्याच रात्री बाहेर पडा. दिवेलागण झाल्यावर तास-दोन तासांनी गोगलगायी निघतात. ढगाळ हवा असेल तर पहाटेही भेटतात. डोक्याला बांधायची बॅटरी सोयीची, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. हातात रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर चुलीतला जुना चिमटा वापरा आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

फिरायचा क्रम ठरवून घ्या. मी आधी कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारते, मग भिंतीचा पायथा, मग वेलांचे मांडव, शेवटी वाफे. कारण त्या कडेकडून आत येतात, आणि कडेला धरल्या तर वाफ्यात शोधायच्या उरत नाहीत. वेलाच्या मांडवाखाली मान वर करूनही बघा. दोडक्याच्या वेलावर त्या वरपर्यंत चढतात.

चुंगडीचा, म्हणजे गोणपाटाच्या पोत्याचा, सापळा बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण करण्यात कसर राहते. बादलीभर पाण्यात गूळ चांगला विरघळवा, पाण्याला वास आणि रंग यायला हवा. जुन्या ज्यूटच्या चुंगड्या त्यात पूर्ण भिजवा. प्लास्टिकच्या पोत्यांचा उपयोग नाही, ती पाणी धरत नाहीत. संध्याकाळी वाफ्यांच्या मधल्या वाटेवर आणि कुंपणाच्या कडेला अंथरा, आणि एक कड थोडी उचललेली ठेवा म्हणजे खाली शिरायला जागा राहते. चुंगडीखाली पपईची पानं, कोहळ्याची सालं, पानकोबीची बाहेरची पानं ठेवली तर आणखी चांगलं. पपईच्या पानावर गोगलगाय फार येते. सकाळी ऊन यायच्या आधी चुंगडी उचला. उशीर केला आणि ऊन तापलं तर त्या निघून दुसरीकडे जातात. चुंगडी न उचलता दोन-तीन दिवस तशीच ठेवली तर आपण त्यांना राहायला घर बांधून दिलं असं होतं. सापळा लावायचा तर रोज उचलायचा, नाहीतर लावूच नका.

वेचलेल्या गोगलगायींचं काय करायचं, यावर लोक सहज बोलून जातात की रस्त्यावर टाका, नाल्यात टाका. नाल्यात टाकलेली गोगलगाय शेजाऱ्याच्या धुऱ्यावर निघते. शंख फोडून वाडीत टाकलं तर माशा, उंदीर, घुशी जमतात. मीठ टाकून मारायची रीत जुनी आहे. बादलीतल्या पाण्यात मूठमूठ करून भरपूर मीठ घालायचं, त्यात टाकायचं आणि झाकण ठेवायचं. पण ते खारं पाणी वाफ्यात, झाडाच्या बुंध्याशी, विहिरीजवळ ओतायचं नाही. वाफ्यात मीठ शिंपडणं तर अजिबात नको. आपल्या काळ्या भारी जमिनीतून मीठ सहजी निघून जात नाही आणि रोपाची मुळं करपतात.

मला कढत पाणी बरं वाटतं. आंघोळीच्या पाण्यासोबत एक भांडं जास्त तापवते, पाणी उकळू देते, आणि बादलीतल्या गोगलगायींवर एकदम ओतते. जीव पटकन जातो, तडफड होत नाही, आणि नंतर त्या पाण्यानं मातीचं नुकसान नाही. तिला आपण मारतो ते पिकासाठी. तिला छळण्याचं काही कारण नाही. मग वाडीच्या कोपऱ्यात गुडघाभर खोल खड्डा घेऊन त्यात टाकायचं, वर चुन्याचा थर, वर माती. खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून लांब घ्या.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर वाफा ओला राहतो आणि गोगलगायीला चालायला गुळगुळीत वाट मिळते. पावसाळ्यात पाण्याचा प्रश्न नसतो, पण उघडीप पडली की सवयीनं संध्याकाळी पाइप धरला जातो. ती सवय मोडा. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांचं काम सोपं आहे, रोपाशी ओल आणि मधली वाट कोरडी.

रोपं थोडी मोठी करून लावा. दोन पानांचं वांग्याचं रोप एका रात्रीत संपतं, तेच वीतभर उंचीचं, देठ राठ झालेलं रोप टिकतं. वेलवर्गीय बी मी जमिनीत न टाकता कागदी पेल्यात रुजवून, तीन-चार पानांवर आल्यावर लावते. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड आणि तोंड कापून ती नळी रोपाभोवती मातीत रोवली तरी पहिले आठ-दहा दिवस निभतात.

दसऱ्यासाठी झेंडू लावत असाल तर एक ओळ कुंपणाजवळ, भाजीच्या बाहेर लावा. गोगलगायीला कोवळा झेंडू फार आवडतो. ती ओळ थोडी खाल्ली जाईल, पण रात्री वेचायला आधी तिथंच जायचं म्हणजे बाकीची वाडी वाचते.

चुना, राख आणि मोरचूद

वाडीभोवती चुन्याचा चार-पाच बोटं रुंद पट्टा ओढायची शिफारस असते आणि ती बरोबर आहे. कोरडा चुना तिच्या अंगाला भाजतो, ती ओलांडत नाही. राख, तंबाखूची भुकटी यांचंही तसंच. पण हे सगळं कोरडं आहे तोवर. जुलैच्या झडीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा चुन्याचा चिखल होतो आणि गोगलगाय त्यावरून जाते. पट्टा घालायचाच तर उघडीप बघून, कुंपणाच्या बाहेरच्या कडेला, आणि सर येऊन गेली की पुन्हा.

वाफ्यात आणि संत्र्याच्या आळ्यात मात्र चुना टाकू नका. आपल्या भागातल्या बऱ्याच जमिनींत आधीच चुनखडी आहे. त्यात आणखी चुना गेला की झाडाला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडतं. संत्रेवाल्यांना हे पिवळेपण सांगायला नको. गोगलगाय घालवायला झाड आजारी पाडायचं, हा सौदा कुणी करू नये.

संत्र्याला दुसरा उपाय आहे आणि तो बहुतेक बागाईतदार डिंक्या रोगासाठी करतातच. खोडाला बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात विरवून गार करायचा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक थोडा वेळ बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. ब्रशनं खोडाला जमिनीपासून कंबरेपर्यंत लावा. त्याच दिवशी संपवायची, उरवायची नाही. तांब्यावरून गोगलगाय चालत नाही, त्यामुळे ती झाडावर चढत नाही. मात्र झाडाच्या खाली वाकलेल्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतील तर ती तिथून चढते. पावसाआधी त्या छाटून वर घ्या. बुंध्याभोवतीचं गवतही काढा.

विषाच्या गोळ्या, आणि त्या वापरायच्याच झाल्या तर

मेटाल्डिहाइड २.५ टक्के या गोळ्या खास गोगलगायीसाठी असतात. शेतासाठी एकरी २ किलो अशी शिफारस आहे. सोयाबीन उगवतीला असताना, गोगलगायी धुऱ्याकडून आत घुसताहेत आणि हातानं वेचून पुरं पडत नाही, अशा वेळी मी कुणाला गोळ्या नका वापरू म्हणणार नाही. कोवळं पीक पहिल्या तीन-चार आठवड्यांत वाचलं तर पुढं देठ राठ होतो आणि ते टिकून जातं. गोळ्या सगळ्या वावरभर फेकण्यापेक्षा धुऱ्याच्या आणि नाल्याच्या कडेनं, संध्याकाळी, पाऊस नसताना टाकायच्या. ओल्यात आणि झडीत टाकलेल्या गोळ्या वाया जातात. गोगलगाय गोळी खाऊन निपचित पडते, पण सर आली तर त्यातल्या काही पुन्हा चालू लागतात. म्हणून सकाळी जाऊन पडलेल्या वेचाव्याच लागतात.

घरामागच्या वाडीत मात्र मी त्या टाकत नाही. या गोळ्यांना कोंड्याचा, धान्याचा वास असतो. कुत्रं हुंगून खातं, कोंबडी टिपते, आणि या विषावर खास उतारा नाही. रांगतं लेकरू वाडीत फिरत असेल तर विचारही करू नका. ज्यांना अगदीच टाकायच्या आहेत त्यांनी चिमूटभर गोळ्या पालथ्या खापराखाली, अरुंद फट ठेवून, वर दगड दाबून ठेवाव्यात, पालेभाजीपासून लांब. रिकामं पाकीट कुंपणात खोचू नका. हात साबणानं धुवा.

गूळ, कोंडा आणि एखादं कडक कीटकनाशक मिसळून आमिष बनवायची रीतही काही जण सांगतात. तिला माझा विरोध आहे. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. असलं विष घरातल्या घमेल्यात, गुळासोबत, हातानं कालवणं हे एका भाजीच्या वाफ्यासाठी कशाला?

विष टाळण्याचं आणखी एक कारण आहे. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो. आमच्या कुंपणाच्या झुडपात तो राहतो, आणि त्यानं फोडलेले शंख खाली सापडतात. मृगाच्या सुमारास दिसणाऱ्या काजव्यांच्या अळ्या लहान गोगलगायींवर जगतात. बदकं असतील तर ती शेंबडीला शोधून खातात. कुंपणाची सगळी झुडपं पेटवून वाडी ‘स्वच्छ’ केली, की भारद्वाज जातो. उकंडा उलटवा, दगड हलवा, पण कुंपणाचं झुडूप राहू द्या.

भाजी धुवा, आणि पोट्ट्यांना सांगा

हे बाजारात भाजी विकणाऱ्या बायांनी नीट लक्षात ठेवावं. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत असतो. त्याची पिलं उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात. अशी गोगलगाय कच्ची किंवा अर्धी शिजलेली पोटात गेली, किंवा बारीक शेंबडी सांबाराच्या जुडीत राहून चटणीत वाटली गेली, तर तो जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर आजार मोठा असतो. तेव्हा पावसाळ्यात सांबार, पालक, मेथी, पानकोबी पान सोडवून, दोन-तीन पाण्यांत धुवा. कच्चं खायचं असेल तर आणखी काळजीनं. पोट्टे शंखाशी खेळतात, झाकण लागलेला शंख खिशात घालून शाळेत नेतात. त्यांना रागावण्यापेक्षा एकदा नीट समजावून सांगा आणि हात धुवायला लावा. मोज्यांशिवाय गोगलगाय हाताळली तर तोंडाला, डोळ्याला हात लावायचा नाही.

एकट्या वाडीनं भागत नाही

माझी वाडी साफ आणि शेजारच्या पडीक जागेत पालापाचोळ्याचा ढीग, तर दोन रात्रींत पुन्हा तेवढ्याच. म्हणून आमच्या गल्लीत पहिल्या पावसानंतरच्या रात्री सगळे मिळून निघतो. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की बाया, पोरं, दोन-चार गडी बादल्या आणि बॅटऱ्या घेऊन मंदिरामागच्या पडीक जागेपासून सुरुवात करतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या भागात ग्रामसफाईची आणि श्रमदानाची जी सवय लावली, ती इथं उपयोगी पडते. ज्याच्या जागेत ढीग आहे त्याला दोष देत बसलं तर तो दार लावून घेतो. चला, आम्ही उचलू लागतो, असं म्हटलं की तोही फावडं घेऊन येतो. खड्डा सगळ्यांचा एकच घ्यायचा, म्हणजे कुणी रस्त्यावर टाकत नाही. ग्रामपंचायतीकडून चुन्याचं पोतं मिळत असेल तर मागून बघा.

पहिले पंधरा दिवस असं रोज किंवा एका आड एक रात्री केलं की पोळ्यापर्यंत आठवड्यातून एखादी फेरी पुरते. मघात मोठा पाऊस झाला तर पुन्हा दोन रात्री सलग निघा.

हस्ताचा पाऊस ओसरला, दसरा झाला, की गोगलगायी पुन्हा जागा धरायला लागतात. तेव्हा एक फेरी भिंतीच्या पायथ्याला आणि केळीच्या बेटात मारा. अंडी असलेली माती भुसभुशीत उकरलेली दिसते. खुरप्यानं वर काढून उन्हात पसरा. आणि थंडीत रोपवाटिकेतून गुलाब, पेरू, संत्र्याची कलमं आणाल तेव्हा ती थेट वाडीत नेऊ नका. दोन आठवडे ओट्यावर वेगळी ठेवा. लावताना पिशवी फाडून, गड्डा फुटू न देता, वरची आणि बुडाची सुटी माती घमेल्यात झाडून बघा. पिवळसर पुंजका दिसला तर ती माती वाफ्यात टाकायची नाही, तिच्यावर कढत पाणी ओतायचं.